आठवा मजला, डावा कान

इस्पितळातून घरी आलो त्या दिवशी
लिफ्टच्या डबीत दहा तेत्रींचं नाणं मीच टाकलं.
पडताना दिसलं.
आवाज मात्र दुसऱ्याच कुठल्या इमारतीत झाला असावा.

तीस वर्षं या लिफ्टांचा कानोसा घेत आलो.
ग्लदानीतल्या कुठल्याही जिन्यात उभं करा,
दोराला तेल हवंय की ब्रेकची पट्टी झिजलीय,
डोळे मिटून सांगायचो.
आता डावा कान म्हणजे कापूस, पू आणि ठणका.
उजवा नुसता सोबतीला,
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.

डॉक्टर म्हणाली, सायनसमधून शिरलं,
कानामागच्या हाडापर्यंत पोचलं.
अजून दोन दिवस अंगावर काढलं असतंत तर...
वाक्य तिनं पुरं केलं नाही.
मीही ऐकू न आल्यासारखं केलं.
आजाराचा तेवढा एक फायदा.

पाचव्या मजल्यावरची झुझुना
सकाळ-संध्याकाळ सुई टोचायला येते.
चाळीस वर्षं नर्स होती. हात अजून हलका,
जीभ नाही.
"पँट खाली कर, नुग्झार. लाजायला तू काय नवरी आहेस?"
हे असलं बरोबर ऐकू येतं.
पैसे घेत नाही. जाताना त्सियाला
अक्रोडांची पिशवी तिच्या हातात कोंबते,
ती नको म्हणते, मग घेते.
दोघींच्या ओठांची ती हालचाल मला पाठ झालीय.

रात्री जास्त.
उजव्या कुशीवरच झोपायचं, असा हुकूम.
उशीवर पिवळा डाग.
नाडी कानात चालते, धप्, धप्,
कुणी जड माणूस जिना चढतोय
आणि त्याचा मजला येतच नाही.
पाव चावला की डोक्यात खडी तुडवल्यासारखं होतं.
चव कशालाच नाही.
त्सियालानं सुपात लसूण घातला, वर दोन चमचे अजिका.
डोळ्यांना धार लागली,
नाकाला पत्ता नाही.

न्हाणीघर अकरा पावलांवर.
भिंत धरून जातो, जमीन डावीकडे उतरत जाते.
मी, जो शाफ्टमध्ये फळीवर उभा राहायचो,
खाली आठ मजले काळोख, ओठांत सिगारेट,
तो आता घरच्या गालिच्याला भितो.

दुपारी बायको कामावर गेली
की स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून बसतो.
पलीकडे शाफ्ट आहे.
लिफ्ट जाते, भिंत जरा शहारते.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये कुठेतरी
एक बारीक झटका.
पूर्वी नव्हता.
की होता, आणि कानावर विसंबून
हाताला मी कधी विचारलंच नाही?
वहीत लिहून ठेवलं : रेल, ४–५, बघणे.
बाद्रीला फोन करायचा होता. पण फोन डाव्या कानाला न्यायची सवय,
प्रत्येक वेळी शांतताच उचलायची.

बाराव्या दिवशी वाफ घेत होतो.
डोक्यावर टॉवेल, खाली पातेलं, पाण्यात निलगिरी.
आधी आला तो टॉवेलचा वास.
कुबट. धड न वाळलेला.
आतूनच ओरडलो, "त्सियाला, याला वास येतोय!"
ती पदरी पडलेलं भांडण उचलायला आल्यासारखी आली
आणि दारातच थांबली.
मग नुसती उभी. हातात कलथा.

संध्याकाळी झुझुना उशिरा आली, धापा टाकत.
"लिफ्ट अडकलीय. तीन मजले चढून आलेय तुझ्या पार्श्वभागासाठी."
कुठे अडकली?
"चौथ्याच्या वर. आत सातव्यावरचा शाळकरी पोरगा आहे,
बाद्री खाली शिव्या देतोय."

मी उठलो. खोली डावीकडे कलली, मीही कललो.
वही, चष्मा, उजव्या हाताला कठडा लागेल,
चार जिने, सावकाश उतरलो तर जमेल.
ती दारात आडवी.
ओठ हलले. ऐकू आलं नाही.
पुन्हा म्हणाली, उजव्या कानाशी येऊन :
"आधी सुई."